‘पुसणे’ : वापरलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमधील जुन्या नोंदीची एक चिकित्सा
(ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

मराठीत ‘पुसणे’ या एकाच रूपात दोन क्रियापदे नांदतात. पाटी पुसणे, डोळे पुसणे यांतील ‘पुसणे’ संस्कृत ‘प्रोञ्छ्’पासून आलेले आहे, तर वाट पुसणे, कुशल पुसणे यांतील ‘पुसणे’ ‘प्रच्छ्’पासून. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोन शब्दांचा परस्परांशी संबंध नाही. ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात ते शेजारी येऊन बसले इतकेच. प्रस्तुत लेखात ज्या कृतीचा विचार केला आहे तिच्यात मात्र हे दोन्ही अर्थ एकाच क्षणी उपस्थित असतात. कुणीतरी वापरून सोडलेली, हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट विकत घेतली जाते. ती यंत्रात घातल्यावर आधीच्या खेळाडूची जतन केलेली प्रगती पडद्यावर येते. नव्या धन्याला खेळ आपला म्हणून सुरू करायचा असेल तर ती प्रगती पुसावी लागते, आणि पुसण्यापूर्वी खेळ त्याला एकदा पुसतो.

ही कृती क्षुल्लक आहे असा आक्षेप संभवतो. खेळण्यातील नोंद पुसणे आणि वाङ्मयीन संहितेचा विचार करणे यांत अंतर आहे हे मान्यच करावे लागेल. परंतु वाचक, संहिता आणि संहितेचे भौतिक रूप यांच्या संबंधाविषयी समीक्षेने गेल्या अर्धशतकात जे प्रश्न उपस्थित केले, त्यांतील एक प्रश्न या क्षुल्लक कृतीतच अत्यंत नेमका होऊन समोर येतो. आधीच्या वाचकाने केलेले वाचन नष्ट केल्याविना दुसऱ्याला वाचताच येऊ नये, अशी संहिता ग्रंथसंस्कृतीत जवळपास आढळत नाही. ग्रंथालयातील पुस्तक शंभर वाचकांच्या हातून गेले तरी पहिल्याचे वाचन दुसऱ्याच्या आड येत नाही. फार तर समासात पेन्सिलीच्या खुणा राहतात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून असा निर्वेध वाचनव्यवहार चालवीत आले आहे. कॅसेटचे तसे नाही. तिच्यात एकाच वाचकापुरती जागा असते.

एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात वाचकाच्या श्रमातून घडणाऱ्या संहितेची मांडणी केली. वाचकाने नुसती पाने उलटून भागत नाही, त्याला संहिता चालवावी लागते, हे त्यांचे प्रतिपादन व्हिडिओ गेमच्या अभ्यासाला पायाभूत ठरले. मात्र या मांडणीतील वाचक प्रामुख्याने एकटा आहे. त्याच्या आधी तिथे कुणी येऊन गेले असेल आणि त्याच्या श्रमाचा ढीग दारातच पडलेला असेल, ही शक्यता तेथे फारशी विचारात घेतलेली दिसत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारावर ज्यांचे बालपण पोसले गेले त्या समाजात मात्र हीच अवस्था नेहमीची असते.

कॅसेट नावाची वस्तू

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात या वस्तूला ‘कार्ट्रिज’ असे क्वचितच कुणी म्हटले. गाण्यांची कॅसेट, पिक्चरची कॅसेट, तशी गेमची कॅसेट. या नावात नुसते साम्य नव्हते, एक अपेक्षाही होती. गाण्यांच्या कॅसेटवर जुने पुसून नवे भरता येते हे घराघरांत ठाऊक होते. कोपऱ्यावरची प्लास्टिकची चिप मोडली की ते पुसले जाण्यापासून वाचते, आणि मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा पुसता येते, हेही ठाऊक होते. गेमच्या कॅसेटबाबत ही अपेक्षा बराच काळ फोल ठरली.

नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जे दूरचित्रवाणीला जोडायचे खेळयंत्र आले, ते बहुतांशी निन्टेन्डोच्या आठ-बिटी यंत्राची स्वस्त नक्कल असे. त्याच्या कॅसेटींत सहसा बॅटरी नसे, त्यामुळे काहीच जतन होत नसे. यंत्र बंद केले की सारे गेले. दोन हजारच्या दशकातील भारनियमनातून मुंबई शहर वगळले गेले होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीला मात्र ठरलेले तास विजेविना काढावे लागत. येथील मुलांच्या दृष्टीने खेळ पुसण्याचे काम वीजमंडळच करीत होते आणि तेही न पुसता. काही खेळांत प्रगती जतन करण्याऐवजी अक्षरांचा वा ठिपक्यांचा एक संकेत मिळे. तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायचा आणि पुढच्या वेळी जुळवायचा. म्हणजे प्रगती कॅसेटमध्ये नव्हे, भूगोलाच्या वहीत असे. अशी कॅसेट दुकानात वरचे पैसे देऊन बदलली तरी आधीच्या मुलाचे काही तिच्याबरोबर येत नसे.

हाती धरायच्या यंत्रांनी हे चित्र बदलले. निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ १९८९ मध्ये जपानात आला. त्याच्या अनेक कॅसेटींत एक लहानशी स्मृतिचकती आणि तिला जागे ठेवणारी नाण्याएवढी लिथियमची बॅटरी बसवलेली असे. भारतात ही यंत्रे आणि कॅसेटी त्या काळी बहुतेक आखातातून वा परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या सामानातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून येत. डोंबिवलीहून ग्रँट रोडला जायचे म्हणजे दादरला गाडी बदलून अर्धा दिवस मोडणे आले. आणि एवढे करून हाती पडणारी वस्तू पुष्कळदा वापरलेलीच असे, कारण नवीचा भाव परवडणारा नव्हता. नकली कॅसेटींचा सुळसुळाट हा एक स्वतंत्र विषय आहे. त्यांतल्या कित्येकींत बॅटरीच नसे. वरचे चित्र तेच, आतला खेळही तोच, पण जतन करा म्हटले की जतन झाल्याचे सांगून दुसऱ्या दिवशी कोरी. गिऱ्हाइकाच्या तोंडाला पाने पुसण्याचा हा प्रकार म्हणजे ‘पुसणे’चा तिसरा अर्थ म्हणावा लागेल.

चार ओळींची संहिता

‘पोकेमॉन’ या खेळमालिकेचा येथे मुख्य उदाहरण म्हणून विचार केला आहे. तिचे पहिले खेळ जपानात १९९६ मध्ये आणि इंग्रजीत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर तिची चित्रमालिका सुरू झाल्यावर ती घरोघर पोचली. बहुसंख्य मुलांनी पिकाचूला आधी दूरचित्रवाणीवर पाहिले. खेळ थोड्यांच्याच हाती आला.

या खेळात एका कॅसेटवर एकच नोंद राहते. वापरलेली कॅसेट सुरू करून ‘पुढे चालू’ या अर्थाचा पर्याय निवडला की एक छोटी चौकट उघडते. तीत चार ओळी असतात : खेळाडूचे नाव, मिळवलेल्या बिल्ल्यांची संख्या, नोंदवलेल्या प्राण्यांची संख्या आणि खेळात घालवलेला वेळ. अनोळखी माणसाचे एवढे संक्षिप्त चरित्र अन्यत्र विरळाच सापडेल. ते वाचण्याजोगे आहे.

नावाला इंग्रजी आवृत्तीत सात रोमन अक्षरांची जागा आहे. ‘अनिकेत’ मावतो, ‘मृण्मयी’ मावत नाही. ‘सिद्धार्थ’ला नऊ अक्षरे लागतात, ‘ज्ञानेश्वर’ला अकरा. मराठी नावे येथे तुटतात, किंवा घरातल्या हाकेच्या नावांवर येतात. आडनावाला जागाच नाही. ज्या समाजात आडनाव ऐकताच समोरच्याची जात, गाव आणि पोटभेद यांचा अंदाज बांधला जातो, त्या समाजातील मुलाने आपल्या आयुष्यात प्रथमच असा एक फॉर्म भरला, ज्यात आडनाव विचारलेले नव्हते, ही गोष्ट लहान नाही. शिवाय खेळ काही तयार नावेही सुचवतो. त्यांतले एक चित्रमालिकेच्या नायकाचे, ‘अॅश’, आहे. चौकटीत ते दिसले तर आधीच्या खेळाडूविषयी एवढेच कळते की त्याने आपले नाव सांगितले नाही.

बिल्ले आठ असतात. आठ बिल्ले म्हणजे जवळजवळ शेवटाला आलेली कथा. पण वाचनाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे ती अर्धवट नोंद. उदाहरणार्थ, चौकटीत दोन बिल्ले आणि चाळीस तास असे आकडे आले तर काय समजावे? तिसऱ्या बिल्ल्याकडे जाण्याची वाट पहिल्या दोन बिल्ल्यांसारखी सरळ नाही. एका शास्त्रज्ञाला मदत करून जहाजाचे तिकीट मिळवावे लागते, जहाजावरील कप्तानाची भेट घ्यावी लागते, त्याच्याकडून झाड कापण्याची विद्या घ्यावी लागते, मगच तिसऱ्या आखाड्याचे दार गाठता येते. ही सारी माहिती पात्रांच्या इंग्रजी संवादांत विखुरलेली आहे. जो संवाद न वाचता पुढे जातो तो अडतो. मराठी माध्यमाच्या चौथी-पाचवीतील मुलाच्या बाबतीत दोन बिल्ले आणि चाळीस तास हा आळसाचा पुरावा मानता येणार नाही; भाषेच्या भिंतीशी केलेल्या झटापटीची ती नोंद असू शकते. घड्याळ तर यंत्र चालू असेपर्यंत चालतच असते. खेळाडू एका जागी नुसता उभा राहिला, तरी ते उभे राहणे मोजले जाते.

अर्थात या वाचनाला मर्यादा आहेत. चाळीस तासांतले दहा तास धाकट्या भावाचे असू शकतात. यंत्र चालू ठेवून कुणी जेवायला गेलेले असू शकते. चौकट काय सांगते आणि वाचक तिच्यात काय भरतो यांची गल्लत होणे सोपे आहे. तरीही एवढे निश्चित की ही चौकट पुसण्यापूर्वीची शेवटची भेट असते आणि ती घडवून आणण्याची योजना खेळाच्या रचनेतच आहे.

खेळ कसा पुसतो

पुसण्याचे दोन मार्ग या खेळात आहेत आणि त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. पहिला मार्ग उघड आहे. ‘नवा खेळ’ निवडायचा, आपले नाव द्यायचे, थोडे खेळायचे आणि जतन करायचे. पहिल्या पिढीतील खेळ या वेळी खेळाडूला दिलेला पाच आकडी ओळखक्रमांक जुन्या नोंदीतील क्रमांकाशी ताडून पाहतो. तो जुळला नाही तर आधीची नोंद जाईल, चालेल का, असे विचारतो. नव्या खेळाडूनेही ‘अॅश’ हेच नाव घेतले असले तरी खेळ फसत नाही, कारण परका माणूस त्याला क्रमांकावरून कळतो. येथे पुसणे हे नव्याच्या जन्मात दडलेले आहे. नवा उभा राहतो आणि जुना त्याच्याखाली जातो.

दुसरा मार्ग लपवलेला आहे. शीर्षकाच्या पडद्यावर वरची दिशा, ‘सिलेक्ट’ आणि ‘बी’ या तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. सहज बोट लागून असे घडू नये, म्हणून ही त्रिकळ योजलेली आहे. ती दाबल्यावर सर्व नोंद पुसायची का, असा प्रश्न येतो. उत्तरांत ‘नाही’ वर आणि ‘होय’ खाली असते. बाण ‘नाही’वर असतो. याच खेळात इतरत्र सहसा ‘होय’ वर असतो. पुसण्याच्या प्रसंगी मात्र क्रम उलटा केला आहे. ‘होय’ म्हटले की स्मृतीचा तो भाग एकाच मूल्याने भरून टाकला जातो. संगणकावर फाइल काढून टाकली तर पुष्कळदा केवळ सूचीतली ओळ जाते आणि मजकूर काही काळ तसाच पडून राहतो. येथे तसे होत नाही. दुसऱ्या मार्गाने पुसलेली कॅसेट खरोखर कोरी होते.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२५ मध्ये ‘जादूच्या पाटी’वर एक टिपण लिहिले होते. मेणाच्या थरावर पारदर्शक कागद, वर टोकदार काडीने लिहायचे, कागद उचलला की अक्षरे नाहीशी; पण मेणावर ओरखडा राहतो. मनाची रचना समजावण्यासाठी त्यांनी हे खेळणे वापरले. ही पाटी ठाण्या-कल्याणच्या जत्रांतही मिळत असे. कॅसेट त्या पाटीच्या विरुद्ध टोकाला आहे. तिच्यात मेण नाही. आपल्याकडील जुन्या शाळांतील धूळपाटीशी तिचे अधिक जुळते. धूळ सारखी केली की आधीच्या मुलाचे अक्षर कुठेच नसते, आणि त्याचा शोक करावा असे कुणाला वाटलेही नाही.

शब्दयोजनेचाही येथे विचार करावयास हवा. निन्टेन्डोच्याच ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळाच्या इंग्रजी आवृत्तीत नोंद काढून टाकण्याच्या पर्यायाला ‘एलिमिनेशन मोड’ असे नाव होते. एलिमिनेशन म्हणजे बाद करणे, संपवणे. शत्रूबाबत वापरावा तसा हा शब्द आहे. पोकेमॉनमध्ये त्या मानाने सौम्य, ‘साफ करणे’ या अर्थाचा शब्द आला. मराठीची प्रवृत्ती याहून निराळी आहे. अशुभ क्रियेचे नाव घ्यायचे टाळून मराठी तिच्या उलट बोलते. बांगडी फुटत नाही, ती वाढते. दुकान बंद होत नाही, ते वाढवले जाते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. आणि ‘कुंकू पुसले’ हे शब्द कुणाच्याही तोंडून सहजासहजी येत नाहीत. या खेळांची मराठी आवृत्ती कधी निघाली नाही. निघाली असती तर या प्रश्नासाठी अनुवादकाने कोणते क्रियापद निवडले असते? ‘पुसणे’ निवडले असते तर त्यात पाटीचा निरागसपणा आणि कुंकवाची छाया ही दोन्ही आली असती. ‘मिटवणे’ निवडले असते तर हिशेब मिटवल्याचा, वाद मिटवल्याचा समाधानी सूर लागला असता. ‘काढून टाकणे’ हा सर्वांत निर्जीव पर्याय. आजच्या मोबाइलवरील मराठीत सामान्यतः असलेच शब्द आढळतात.

भांड्यावरचे नाव

पुसण्याआधी आणखी एक गोष्ट करता येते. दोन यंत्रे तारेने जोडून एका कॅसेटमधील प्राणी दुसऱ्या कॅसेटमध्ये पाठवता येतो. तो गेला तरी त्याच्याबरोबर त्याच्या मूळ धन्याचे नाव आणि क्रमांक जातात आणि कायम राहतात. आधीच्या मुलाने त्याला ठेवलेले लाडके नावही नवा धनी बदलू शकत नाही. खेळात नावे बदलून देणारे एक पात्र आहे, ते अशा प्राण्याच्या बाबतीत नकार देते. इतकेच नव्हे, तर नव्या धन्याकडे पुरेसे बिल्ले नसतील तर पुष्कळ वाढलेला असा प्राणी त्याचे ऐकत नाही.

मराठी घरातील स्टीलच्या भांड्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. लग्नामुंजीत आलेल्या डब्यावर, तांब्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख ठोक्याठोक्यांनी कोरलेली असते. भांडे सुनेकडे जाते, मुलीकडे जाते, शेजारी फराळ घेऊन जाते. नाव तेच राहते. ते पुसता येत नाही. नको असेल तर भांडे मोडीत घालावे लागते, म्हणजे नावासकट आकारही जातो. बोहारणीला कपडे देऊन घेतलेल्या भांड्यावर मात्र कुणाचेच नाव नसते, आणि कपडे कुणाचे होते तेही ती विचारीत नाही. वस्तूंच्या हस्तांतराचे हे दोन नमुने मराठी घरात पूर्वीपासून एकत्र नांदत आले आहेत : नाव बरोबर नेणारा आणि नाव मागे सोडणारा. पोकेमॉनच्या कॅसेटमध्ये दोन्ही एकाच ठिकाणी आढळतात. कॅसेट बोहारणीच्या भांड्यासारखी कोरी करता येते, आणि तत्पूर्वी त्यातला एखादा प्राणी कोरलेल्या भांड्यासारखा वाचवता येतो.

मग विकणाऱ्याने कॅसेट पुसून द्यावी की तशीच? व्यवहाराच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. जुना मोबाइल विकताना त्यातले फोटो काढून टाकावेत, तसे हेही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती पुसून मागण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. पण व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. कॅसेटमधील सात अक्षरी नाव तेथे पोचत नाही. प्रश्न कायद्याचा उरत नाही, रीतीचा उरतो. आणि रीत निराळे सांगते. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, त्यात चिमूटभर साखर तरी घालावी, असे घरोघर शिकवले जाते. पुसून दिलेली कॅसेट हे रिकामे परत केलेले भांडे आहे. तीत विकणाऱ्याची सोय आहे आणि घेणाऱ्याचीही. परंतु तसे केल्याने नव्या मुलाच्या वाट्याला येणारा तो क्षण, ज्यात त्याला प्रथम दुसऱ्याचे नाव वाचावे लागते आणि मग आपल्या बोटाने ‘होय’पर्यंत जावे लागते, तो क्षण काढून घेतला जातो. तो क्षण सुखाचा नसतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला परक्याच्या श्रमाचा निकाल लावण्याचा असा अधिकार अन्यत्र कुठे मिळतो, याचा विचार केला तर त्याचे मोल कळते.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ मध्ये ग्रंथसंग्राहकाविषयी लिहिताना, जुने पुस्तक संग्राहकाच्या हाती येणे हा त्या पुस्तकाचा पुनर्जन्मच होय, अशा आशयाचे विधान केले होते. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुढाकाराने भरलेल्या पुस्तक आदान-प्रदानाच्या उपक्रमांत या विधानाचे प्रत्यंतर येते. एक वाचलेले पुस्तक द्यावे, दुसरे न्यावे. आतल्या पानावरची ‘सप्रेम भेट’ तशीच राहते आणि नव्या वाचकाला ती अडचणीची वाटत नाही. बेंजामिन यांच्या पुनर्जन्माला मृत्यूची अट नाही. कॅसेटच्या पुनर्जन्माला ती आहे, आणि म्हणून संग्राहकाचे हे प्रसन्न तत्त्वज्ञान तिला जसेच्या तसे लावता येत नाही.

न पुसता येणारी कॅसेट आणि परक्याचे गाव

या चर्चेला दोन टोकाची उदाहरणे जोडणे आवश्यक आहे. जून २०११ मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘रेसिडेंट ईव्हिल : द मर्सिनरीज थ्रीडी’ हा निन्टेन्डो थ्रीडीएससाठीचा खेळ प्रसिद्ध झाला. त्यातील प्रगती एकदा जतन झाली की पुसण्याची सोयच नव्हती. मिळवलेले गुण, खुली झालेली पात्रे, सारे कायम. वापरलेल्या मालाच्या बाजाराला शह देण्यासाठी हे केले, असा आरोप झाला. हा निर्णय घेताना तो विचार नव्हता, असा खुलासा कंपनीने केला. हेतू काहीही असो, परिणाम असा की दुसऱ्या खेळाडूला पहिल्याचे उष्टेच वाढले गेले. येथे आधीचे नाव टिकले म्हणून ते सन्मानाने टिकले असे म्हणता येत नाही. पुसण्याचा अधिकार नसेल तर न पुसण्यालाही अर्थ उरत नाही. जो पुसू शकत होता आणि ज्याने चार दिवस पुसले नाही, त्याच्याच थांबण्यात काही भाव असतो.

दुसरे उदाहरण निन्टेन्डोच्याच ‘अॅनिमल क्रॉसिंग : न्यू लीफ’चे. २०१२ मध्ये जपानात आणि २०१३ मध्ये इतरत्र आलेल्या या खेळात एका कॅसेटवर एक गाव असते. पहिला खेळाडू गावाचा महापौर होतो. त्यानंतर त्याच कॅसेटवर आणखी तीन जण राहायला येऊ शकतात. वापरलेली कॅसेट घेणाऱ्यापुढे म्हणून येथे एक तिसरा मार्ग उघडतो : काहीच न पुसता परक्याच्या गावात रहिवासी म्हणून राहायचे. घर बांधता येते, मासे धरता येतात, शेजाऱ्यांशी बोलता येते. पण महापौराचे अधिकार मिळत नाहीत, कोणते बांधकाम कुठे करायचे हे ठरवता येत नाही, आणि जो महापौर आहे तो कधीच येणार नसतो. त्याला काढायचे तर गावच काढावे लागते. पागडीच्या खोलीत पिढी काढलेल्या वाचकाला ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या सुधारणेनंतर गाव तेथील व्यापाऱ्याला विकून त्याचे पैसे घेऊन नवे गाव वसवण्याची सोय झाली. पुसण्यालाही भाव आला, असे याचे वर्णन करता येईल. इमारतींच्या पुनर्विकासाच्या करारांवर जगणाऱ्या शहरांत या योजनेचे कुणाला नवल वाटू नये, परंतु कलात्मक दृष्ट्या ती आधीच्या निर्दय पर्यायापेक्षा कमकुवत आहे. गावाचे मोल पैशात ठरले की ते पुसताना बोट अडखळण्याचे कारण उरत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ३ मार्च रोजी, ‘निन्टेन्डो स्विच’ बाजारात आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, परंतु दुसरीने येथे चर्चिलेली कृती जवळपास संपवली. स्विचमध्ये प्रगती यंत्रात जतन होते, कार्डात नव्हे. वापरलेले कार्ड त्यामुळे नेहमीच कोरे येते. कुणी खेळले, किती तास खेळले, कुठे अडले, याचा मागमूस नाही. ठाण्यात राम मारुती रोडवर हिंडणाऱ्या आजच्या मुलाच्या हाती वापरलेले कार्ड पडले तर त्याला ते नव्यासारखेच असेल, आणि आधीच्या मुलाशी त्याची गाठ पडणार नाही.

जुन्या कॅसेटींचेही फार काळ उरलेले नाही. त्यांच्यातील लिथियमच्या बॅटऱ्या आता पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या आहेत. १९९९ मध्ये जपानात आणि २००० मध्ये इंग्रजीत आलेल्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या खेळांत त्याच बॅटरीवर घड्याळही चालत असल्याने त्या लवकर संपतात. बॅटरी संपली की स्मृती जाते. नवी बसवायची तर डाग देऊन जुनी सोडवावी लागते. ती सुटताच, दुसरीकडून वीज पुरवलेली नसेल तर, जे होते तेही जाते. काही जाणकार आधी नोंदीची नक्कल संगणकावर उतरवून घेतात. पण परक्या मुलाचे नाव असलेली नोंद कशासाठी उतरवायची, असा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे आणि बहुधा ती उतरवली जात नाही. आता अशी कॅसेट हाती आली आणि यंत्रात घातली तर संगीत वाजते, चित्र येते, कळ दाबल्यावर यादी उघडते. यादीत दोनच ओळी असतात : ‘नवा खेळ’ आणि ‘पर्याय’. ‘पुढे चालू’ ही ओळ नसते, आणि कुणी काही पुसतही नाही.